स्प्रिंकलर बंद होताना न्हाणीघराच्या भिंतीत दणका, व्हॉल्व्ह बदलूनही तसाच

हिरवळीचा_हमाल:
रोज पहाटे ५ वाजून ५२ मिनिटांनी आमच्या न्हाणीघराच्या भिंतीत एक दणका बसतो. मग पाठोपाठ तीन-चार हलके ठोके, विरत जाणारे. आई म्हणते, आता गजराची गरजच उरली नाही.

आधी संशय गीझरवर. त्याचा कॉक बंद करून झोपलो, तरी दणका. मग फ्लशचा वायसर बदलला, तरी दणका. शेवटी एका पहाटे न्हाणीघरात खुर्ची टाकून बसलो (घरच्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं), तेव्हा कळलं की बाहेर लॉनवरचे फवारे थांबले की आत भिंत बोलते.

टायमरवर चार झोन आहेत, एक संपला की लगेच पुढचा. झोन १ मागचं लॉन, ८ पॉप-अप (पाणी आलं की जमिनीतून वर येणारे फवारे). झोन २ कुंपणाकडची झुडपं, नुसतं ड्रिप. झोन ३ पुढचं लॉन, ५ पॉप-अप. झोन ४ बाजूची पट्टी, ७ पॉप-अप. दणका फक्त ४ संपल्यावर येतो. म्हणून चौथ्याचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (टायमरच्या विजेवर उघडणारा, वीज थांबली की मिटणारा) दोषी ठरवून नवा बसवला. बाण पाण्याच्या दिशेनंच आहे, दोनदा पाहिलं. फरक शून्य. प्लंबर म्हणाला, पाइपात हवा आहे. सगळे नळ सोडून हवा काढली. तरी ५:५२ ला धाड!

घरात पाऊण इंची जीआय पाइप, बाहेर पीव्हीसी. आता काय फोडू?

नटबोल्ट:
न्हाणीघरात वॉटर हॅमर अरेस्टर (अडलेल्या पाण्याचा धक्का झेलणारी हवेची कुपी) लावा, विषय संपला.

थेंबेथेंबे:
काही फोडू नका. आणि अरेस्टरही इतक्यात नको. लावायचाच तर तो व्हॉल्व्हच्या जवळ हवा, जिथे आवाज येतो तिथे नाही. आवाज न्हाणीघरात होतो म्हणून दुखणं तिथलं, असं नसतं.

दणका *कधी* येतो ते तुम्ही नीट टिपलंत, त्यातच निम्मं काम झालं. फवारे सुरू होताना आला असता तर मीही हवेवरच बोट ठेवलं असतं: रिकाम्या झालेल्या पाइपात पाणी धावत येतं आणि हवेला ढकलत आपटतं. चालू असताना सतत घरघर आली असती तर व्हॉल्व्हचा पडदा फडफडतोय किंवा प्रेशर रेग्युलेटर (पाण्याचा दाब कमी करून स्थिर ठेवणारा) थरथरतोय म्हटलं असतं. बंद होताना येतो, म्हणजे धावतं पाणी एकदम अडतंय. व्हॉल्व्ह मिटायला सेकंद-दोन सेकंद घेतो खरा, पण शेवटचा टप्पा झटकन मिटतो.

आता तुमचा चकवा. १ बंद होतो तेव्हा २ उघडत असतो, २ बंद होताना ३. धावत्या पाण्याला लगेच दुसरी वाट मिळते, म्हणून ते गप्प. चौथ्यानंतर वाटच नाही. बिचाऱ्या चौथ्याचा दोष एवढाच की तो रांगेत शेवटी आहे! टायमरवरून एकेक झोन सुटा चालवून बंद करा आणि ऐका. त्याच वेळी पाण्याच्या मीटरवर एका मिनिटात किती लिटर जातात ते लिहून घ्या. घरात दुसरा नळ चालू नको.

जुना_फिटर:
थेंबेथेंबे यांच्याशी सहमत. एक भर: बागेच्या नळाला प्रेशर गेज लावा, पण पहाटे. दिवसा सगळे पाणी वापरत असतात, तेव्हा आकडा सभ्य दिसतो. सर्वांत वरचा आकडा धरून ठेवणारा दुसरा काटा असलेलं गेज मिळालं तर उत्तम. आणि भिंतीत शिरण्याआधी पाइप हातानं हलवून बघा. मला तरी सैल क्लॅम्पचा वास येतोय.

हिरवळीचा_हमाल:
केलं सगळं. झोन १ सुटा चालवून बंद केला, तर चौथ्यापेक्षा मोठा दणका! आजवर हा साळसूद बनून बसला होता. ३ चा मध्यम. २ चा अजिबात नाही. मीटर: १ ला ५६ लिटर, ४ ला ५०, ३ ला ३५, ड्रिपला जेमतेम ४. दाब दिवसा ४.२ बार, पहाटे ६.४, आणि झोन १ बंद होताना दुसरा काटा ११ वर जाऊन बसला. न्हाणीघरामागे पाइप बोटभर हलतो. क्लॅम्प आहे, पण त्यात स्क्रू एकच.

थेंबेथेंबे:
पाऊण इंची पाइपातून मिनिटाला २८ लिटर गेले की वेग सेकंदाला सुमारे दीड मीटर होतो, त्यापुढे सहसा जाऊ नये. तुमचे ५६ म्हणजे बरोबर दुप्पट, तीन मीटर. रशियन शास्त्रज्ञ झुकोव्स्कींनी १८९७-९८ मध्ये मॉस्कोच्या पाइपांवर प्रयोग करून मांडलेला हिशेब असा की धातूच्या पाइपात एक मीटर वेग क्षणात थांबला तर दाब १२-१३ बारनं उसळतो. तुमचा व्हॉल्व्ह क्षणात मिटत नाही म्हणून ११ वर निभावलं.

आधी फुकटचा उपाय: ड्रिप रांगेत शेवटी टाका. मग मोठ्या झोनच्या व्हॉल्व्हवरचा फ्लो कंट्रोलचा दांडा थोडा आवळा, फवारे लुळे पडायच्या आत थांबा. ६.४ मात्र घरातल्या बाकी नळांनाही बरा नाही, मेनवर प्रेशर रेग्युलेटर बसवून साडेतीनवर आणा.

हिरवळीचा_हमाल:
क्रम १-३-४-२ केला, दुसरा स्क्रू मारला. आज पहाटे खुर्चीवर बसलो होतो. चौथा थांबला, भिंत गप्प. ड्रिप थांबलं, तरी गप्प. रेग्युलेटर रविवारी. आई साडेसातला उठली आणि उशीर झाला म्हणून माझ्यावरच चिडली.

नटबोल्ट:
मग अरेस्टर नको?

जुना_फिटर:
रेग्युलेटरनंतर झोन १ पुन्हा सुटा चालवून बघू दे त्यांना. तेव्हाही काटा ८ च्या वर गेला तर लावा, व्हॉल्व्हच्या पेटीजवळ. एरवी वीज गेली तर मधलाच झोन अर्ध्यावर बंद होतो, तेव्हा ड्रिप वाचवायला येणार नाही.