घुमटातली हवा

मंगळावर घुमट बांधून आत झाडं लावली की हवेचा प्रश्न मिटला, असं अनेकांना वाटतं. इतकं सोपं नाही हो! अमेरिकेत ॲरिझोनातल्या 'बायोस्फिअर २' या काचेच्या हवाबंद इमारतीत १९९१ साली आठ जणांनी दोन वर्षांसाठी स्वतःला कोंडून घेतलं. आत शेती, जंगल, चिमुकला समुद्रसुद्धा. तरी सोळा महिन्यांत ऑक्सिजन २०.९ वरून साधारण १४ टक्क्यांवर आला, जिना चढताना धाप लागायला लागली. सेंद्रिय खताने गच्च भरलेल्या मातीतले जिवाणू ऑक्सिजन फस्त करत होते, आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड झाडांना मिळायच्या आधीच बांधकामातलं काँक्रीट शोषून घेत होतं (हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं). शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. मंगळावर ऑक्सिजनचा टँकर पोचायलाच सहा-सात महिने लागतील.