ऑक्सफर्ड नी स्कोअर १९ चा ३८ झाला, पण आई खूश नाही

प्रश्न: आईच्या उजव्या गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया होऊन सहा महिने झाले. गुडघ्याचं दुखणं आणि रोजची हालचाल मोजणाऱ्या ‘ऑक्सफर्ड नी स्कोअर’च्या फॉर्मवर आधी 19 गुण होते, आता 38. डॉक्टर म्हणतात झकास. आई म्हणते, ‘देवापुढे मांडी घालता येत नाही, कसलं झकास?’ खरं कोणाचं मानायचं?

उत्तर 1: मी फिजिओथेरपिस्ट आहे. दोघांचंही खरं. त्या फॉर्ममध्ये 12 प्रश्न, प्रत्येकी 0 ते 4 गुण, एकूण 48. जास्त तितकं चांगलं. प्रश्न मागच्या चार आठवड्यांबद्दलचे: रात्री दुखतं का, जिना उतरता येतो का, एकटीने खरेदी जमते का. 1998 साली इंग्लंडमध्ये तयार झालाय तो. गुडघे टेकून उठण्याचा प्रश्न आहे, पण मांडी, उकिडवं बसणं, भारतीय संडास यांचा पत्ताच नाही! साधारण 5 गुणांचा फरकसुद्धा अर्थपूर्ण धरतात, इथे तर 19 चा आहे. बेरजेपेक्षा एकेक उत्तर बघा. आणि फॉर्म भरला कोणी? आमच्याकडे बरेचदा मुलगाच ‘हं, बरंय’ म्हणत टिका मारतो आणि पेशंट बाजूला गप्प.

उत्तर 2: जुने कागद जपून वाचा. आधी गुण 12 ते 60 असे मोजायचे आणि तेव्हा कमी म्हणजे चांगलं.

प्रश्नकर्ता: टिका मीच मारल्या होत्या. आज आईला विचारलं. रात्रीचं दुखणं पूर्ण थांबलंय, पण जिना उतरताना कठडा सुटत नाही. तिथे मी ‘सहज’ लिहिलं होतं. मांडीचं डॉक्टरांना वेगळं विचारू ना?

उत्तर 1: विचाराच. तोवर पूजेला चौरंग उंच घ्या आणि त्यांना खुर्ची द्या.