मदत हवी आहे: आत्याच्या १९८६ सालच्या इटालियन पर्सचं अस्तर चिकट होऊन सुटतंय, आतला चोरखिसा वाचवायचा आहे

नमस्कार. बेळगावहून, टिळकवाडीतून लिहिते आहे. चामड्याच्या जुन्या बॅगांचं काम, हातशिलाई किंवा असल्या कृत्रिम अस्तरांचं रसायन, यातलं कुणाला काही माहीत असेल तर कृपया सविस्तर सांगा. थोडं लांबण लागेल, पण आधीचं कळल्याशिवाय माझी अडचण कळणार नाही.

पर्स माझ्या आत्याची. ती कुवेतला नर्स होती. १९८६ साली सालमियातल्या एका दुकानातून तिने ही विकत घेतली. मोठ्या नावाच्या इटालियन कंपनीची आहे, पण नाव महत्त्वाचं नाही, कारण मला ती विकायची नाही. बाहेरचं चामडं मंगलोरी कौलासारखं तांबूस आहे आणि चाळीस वर्षांनंतरही लोण्यासारखं मऊ. पितळी कडी आजही टक्कन लागते. बिघडलंय ते सगळं आत.

आत बदामी रंगाचं, गुळगुळीत, चामड्याचा भास होणारं अस्तर आहे. काही वर्षांपूर्वी ते नुसतं ओलसर लागायचं. यंदा पावसाळ्यात कपाटातून काढली तर खिशातलं बँकेचं पासबुक अस्तराला चिकटून बसलेलं. ओढून काढलं तेव्हा मागच्या पानावर बदामी थर आला. तळाशी हात लावला की काकवीत बोट बुडवल्यासारखं होतं आणि वरच्या बाजूला दुधाच्या सायीसारखे पापुद्रे निघतात. नखात जातात, रुमालाला लागतात, धुतले तरी जात नाहीत. आंबूस वासही येतो.

आता मुख्य गोष्ट. २ ऑगस्ट १९९० ला इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं. आत्या आणि तिच्या मैत्रिणी सप्टेंबरमध्ये बसने बसरा, बगदाद करत अम्मानला पोचल्या आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला. त्या दोन महिन्यांत असे दीड लाखाहून जास्त लोक परत आणले गेले, त्यातली ती एक. निघायच्या आदल्या रात्री तिने नखं कापायच्या कात्रीने या पर्सचं अस्तर तीन बोटं उसवलं आणि युनिफॉर्मच्या उरलेल्या पांढऱ्या सुती कापडाचा पोस्टकार्डाएवढा खिसा करून अस्तराच्या मागून शिवला. आजीने दिलेल्या दोन बांगड्या आणि एक चेन त्यात आली. खोलीत पांढरा दोरा नव्हता, म्हणून टाके हिरव्या दोऱ्याचे आहेत. बारीक, एकसारखे, फक्त एका कोपऱ्यात चार टाके वाकडे, कारण तेव्हा दिवे गेले.

आत्या आता नंदगडला असते, चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. मी पर्स दुरुस्त करते म्हटलं तर म्हणाली, "बाकी काय करायचं ते कर, तेवढा खिसा तेवढा ठेव." दिवाळीनंतर माझ्या मुलीचं लग्न आहे. आत्याने ती पर्स खांद्याला लावून लग्नाला यावं एवढीच माझी इच्छा आहे.

मी आतापर्यंत काय केलं ते प्रामाणिकपणे सांगते. आधी टाल्कम पावडर शिंपडली. दोन दिवस बरं वाटलं, मग पावडरीचा चिखल झाला. मग इंटरनेटवर वाचून स्पिरिट कापसाला लावून पुसलं. थर निघाला, पण त्याचा राड काठाच्या चामड्याला लागला. शेवटी गावातल्या एका बॅग दुरुस्तीच्या दुकानात नेली. तिथे "सगळं फाडून रेक्झिन मारतो, तासात देतो" म्हणाले. मी घाबरून फक्त बाजूचा छोटा खिसा करायला दिला. त्यांनी चपलांचं सोल्युशन लावलं आणि ते चामड्यातून बाहेर झिरपलं. आता बाहेरच्या अंगाला रुपयाएवढा काळपट डाग आहे. तो बघितला की अजून पोटात कालवतं. आत्याला अजून दाखवलेला नाही.

तर विचारायचं हे की, हे अस्तर काही लावून पुन्हा घट्ट होतं का? नसेल तर नवीन कुठल्या कापडाचं करावं? माझ्या मनात गुळेदगुड्डचा खण आहे, आत्याला खण फार आवडतो. आणि अस्तर काढायचंच झालं तर हिरवे टाके न उसवता तो खिसा कसा ठेवायचा? बॅगेच्या तोंडाशी चामड्याची पट्टी दुमडून अस्तरासकट शिवलेली आहे, इंचाला साधारण नऊ टाके. तेही उसवावे लागणार का? फोटो खाली जोडले आहेत.

प्रतिसाद – रसायनवाली, धारवाड

ताई, फोटो पाहिले. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. अस्तर पॉलियुरेथेनचं (थोडक्यात पीयू, एक प्रकारचं प्लास्टिक) दिसतंय, म्हणजे कापडावर दिलेला पीयूचा थर. त्या काळात पुष्कळ महागड्या बॅगांना तो वापरत. तुमच्याकडून हयगय झाली असं मनात आणू नका. यातल्या एका प्रकारच्या पीयूमध्ये एस्टर बंध (रेणू जोडून ठेवणारे रासायनिक दुवे) असतात आणि हवेतल्या बाष्पाने ते तुटतात. तुटताना आम्ल तयार होतं आणि ते पुढची मोडतोड आणखी वाढवतं, म्हणून सुरुवातीला हळू आणि मग एकदम बिघडल्यासारखं वाटतं. कपाटात न वापरता ठेवलेल्या बुटांचे तळवे अचानक भुगा होतात ते याच कारणाने. बेळगाव-खानापूरकडचे जून ते सप्टेंबर म्हणजे याला खतपाणीच.

तुटलेले बंध परत जुळत नाहीत. पावडर, मेण, स्प्रे काही लावू नका. थर काढणं हाच उपाय. रेक्झिन मारू दिलं नाहीत हे उत्तम केलंत. तेही पीयू किंवा पीव्हीसीच असतं, काही वर्षांनी पुन्हा तीच गत.

एक खात्री करून घ्या. पापुद्रा काढल्यावर खाली विणलेलं किंवा जाळीदार सुती कापड दिसतं का? दिसलं तर बहुधा पीयू. कापड नसून सगळंच एकजीव, तेलकट फिल्म असेल तर ते बहुधा पीव्हीसी आणि त्याची गोष्ट वेगळी.

काम गच्चीवर किंवा मोकळ्या पडवीत करा, हातमोजे आणि मास्क लावून. तो भुगा नाकात जायला नको. आणि डांबरगोळ्या पर्समध्ये ठेवत असाल तर आजच काढा, प्लास्टिकच्या थराजवळ त्या नकोतच.

प्रतिसाद – अथणीची लेक

ताई नमस्कार. माझं माहेर अथणी, घरात तीन पिढ्या चपला करतात. सोल्युशनचा डाग बघून मलाही वाईट वाटलं. तो घासायला जाऊ नका, पॉलिशने झाकायलाही नको. चामड्यात मुरलेलं काढताना वरचा रंग जातो आणि डाग मोठा होतो. आत्याबाईंना सांगून टाका की, समजून घेतील.

तोंडाची पट्टी उसवावी लागणार. पण मशीनखाली घालू देऊ नका कुणाला. कापडाला भोक पडलं तर धागे सरकून बुजतं, चामड्याला पडलेलं भोक कायमचं. मशीनची सुई नवीन भोकं पाडत जाते, जुनी आणि नवी जवळजवळ आली की पोस्टाच्या तिकिटासारखी पट्टी तिथून फाटते. म्हणून जुन्याच भोकांतून, दोन सुया दोन बाजूंनी घालून हाताने शिवायचं. मेण लावलेला दोरा घ्यायचा. इंचाला नऊ टाके म्हणजे बारीक काम आहे, पण होतं. उसवताना दोरा ओढायचा नाही, आतल्या बाजूने एकेक टाका ब्लेडच्या टोकाने कापायचा आणि चिमट्याने तुकडे काढायचे.

नवीन अस्तराला आत गोंद लावायची गरजच नाही. तोंडाशी शिवलं की पिशवीसारखं आत लोंबतं. पुढेमागे काढून धुताही येतं.

मुंबई-पुण्याला पाठवायच्या आधी आपल्या जिल्ह्यातले हात बघा. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकाचेही चार त्यात होते, बेळगाव त्यातलाच एक. अथणीत, निपाणीकडच्या खेड्यांत खिळा न मारता नुसत्या शिवणीवर चप्पल उभी करणारी माणसं आहेत. त्यांना तुमच्या पर्सची पट्टी जड नाही.

प्रतिसाद – निपाणीकर

मी शाळेची दप्तरं आणि पिशव्या शिवतो, म्हणून कापडाचं तेवढं बोलतो. नुसत्या खणाचं अस्तर करू नका. खण दिसायला देखणा, पण पन्हा लहान असतो, जोड द्यावे लागतील आणि किल्ल्या, पिना लागून धागे ओढले जातात. शिवाय लाल-हिरवा रंग ओल लागली की चामड्याला लागू शकतो. ओलं पांढरं फडकं खणावर जोरात घासून बघा, फडकं रंगलं तर तो खण वापरूच नका.

जाड सुती ड्रिल घ्या, बदामीच मिळेल. आधी गरम पाण्यात धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच कापा, नाहीतर नंतर आटतं. जुनं अस्तर काढलं की प्रत्येक तुकडा सुटा करून जाड कागदावर त्याचा फर्मा उतरवा, खिशाची जागा, चेनची (झिपची) लांबी सगळं पेन्सिलीने लिहून ठेवा. नवीन अस्तर बॅगेच्या आतल्या मापापेक्षा थोडं कमीच ठेवायचं. बरोबर मापाचं केलं तर आत चुण्या पडतात. खणाची हौस असेल तर चेनच्या खिशाचं आतलं कापड खणाचं करा, मागून मांजरपाट लावून. उघडलं की दिसेल.

धागाकर्ती (पर्सचा प्रश्न विचारणारी)

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. ब्लेडचं आणि फर्म्याचं वाचून धीर आला.

रसायनवाली ताई, तळाच्या कोपऱ्यात दोन इंच खरवडून पाहिलं. लाकडी आइस्क्रीमच्या चमच्याने थर निघाला आणि खाली पांढुरकं विणलेलं कापड लागलं. ते चांगलं मजबूत आहे, ओढून पाहिलं तरी फाटत नाही. म्हणजे पीयूच ना?

चोरखिशाचं मात्र सुचत नाहीये. अस्तरासकट चौकोन कापून नवीन कापडावर लावावा असं मनात होतं, पण मग चिकट थर नवीन अस्तराला लागेल. आणि टाके उसवून पुन्हा शिवले तर ते आत्याचे राहणार नाहीत, माझे होतील.

प्रतिसाद – रसायनवाली, धारवाड

हो, पीयूच दिसतंय. आणि तुमच्या दोन इंचांतच उत्तर आहे. खराब झालाय तो वरचा थर, खालचं कापड नाही. आत्यांचे हिरवे टाके त्या कापडातून गेलेत, त्यांना धरून ठेवलंय त्या कापडाने. तेव्हा खिशाभोवती दोन बोटं सोडून चौकोन कापा आणि तेवढ्यावरचा थर पूर्ण काढा. टाक्यांपासून लांब लाकडी चमचा चालेल, टाक्यांच्या मधे टूथपिक. राहिलेल्या चिकटपणाला आयसोप्रोपिल अल्कोहोल, पण कापसाच्या काडीला जेमतेम ओल येईल इतकंच. आधी हिरव्या दोऱ्याच्या मागच्या एका टोकावर लावून रंग सुटतो का बघा. सुटला तर टाक्यांजवळ अल्कोहोल अजिबात नको, कोरडंच खरवडायचं. मागचं स्पिरिट बिघडलं कारण ते चामड्याच्या काठाला लागलं आणि वरचा रंग विरघळला. इथे चौकोन पर्समधून बाहेर काढलेला असेल, म्हणजे ती भीती नाही.

थर निघाला की तुमच्या हातात उरेल जुनं कापड, त्याला हिरव्या टाक्यांनी शिवलेला पांढरा खिसा. तो अख्खा चौकोन नवीन ड्रिलच्या मागून बाहेरच्या चार कडांनी शिवा. आत्यांचा एकही टाका उसवत नाही.

धागाकर्ती

दहा दिवसांनी लिहिते आहे. गेल्या रविवारी नंदगडला पर्स घेऊन गेले. डाग दाखवला. आत्याने अंगठ्याने चाचपला आणि म्हणाली, "अम्मानच्या बसमध्ये याहून मोठे डाग पडलेत, तू लहान होतीस." मग तिच्याच अंगणात बसून चौकोन कापला. हिरवा रंग सुटला नाही. दोन दुपारी लागल्या. टूथपिकांचं एक अख्खं पाकीट संपलं. कोपऱ्यातले चार वाकडे टाके तसेच आहेत. चष्मा लावून आत्याने ते मोजले.

ड्रिल गणपत गल्लीतून आणलं, धुऊन वाळत घातलंय. खण फक्त चेनच्या खिशाला. लाल खणाने फडकं रंगवलं, म्हणून बाद केला, मोरपंखी टिकला.

अथणीच्या ताई, पट्टीची शिलाई तुमच्याच माणसांकडून करून घ्यायची आहे. शनिवारी येते. मेणाचा दोरा कुठल्या जाडीचा आणू तेवढं सांगा.

प्रतिसाद – अथणीची लेक

दोरा आणू नका, घरात आहे. जुन्या भोकाचं माप बघून वडीलच निवडतील. जुन्या अस्तराचे तुकडे मात्र फेकू नका, कागदाचा फर्मा असला तरी ते सोबत आणा. सकाळच्या बसने या, उजेडात काम बरं होतं. आणि आत्याबाईंना प्रवास झेपत असेल तर त्यांनाही आणा.