शब्दचर्चा : 'उंदीर पडणे' आणि 'गाठीचा ताप'

प्रश्न : मुंबईच्या मांडवी भागातल्या प्लेगविषयी जुना मजकूर वाचताना 'उंदीर पडू लागले' असं वारंवार येतं. हे उंदीर कुठून पडतात? आणि 'गाठीचा ताप' म्हणजे प्लेगच ना?

– 'पडणे' म्हणजे मरून पडणे. 'रोगानं गुरं पडली' म्हणतो तसंच. पण प्लेगच्या काळात त्याला इशाऱ्याचा अर्थ आला. उंदीर मेला की अंग गार पडतं, पिसवा त्याला सोडतात आणि दुसरा उंदीर शोधतात. उंदीरच उरले नाहीत की माणसाला चावतात. त्यामुळे घरात उंदीर पडल्यावर साधारण दहा-पंधरा दिवसांनी माणसं आजारी पडू लागत. लोक तेवढ्यात घर सोडून मोकळ्या माळावर झोपड्या बांधत. पिसवांचं कोडं पुरतं सुटायच्या आधीपासून लोक हे करत होते, म्हणून हा शब्दप्रयोग मला फार मोलाचा वाटतो.

– मांडवीच का, तर बंदराला लागून धान्याच्या वखारी होत्या. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये पहिला रोगी ओळखला तो तिथेच. 'गाठीचा ताप' म्हणजे जांघेत, काखेत किंवा मानेत गाठ येऊन चढणारा ताप. 'ग्रंथिक सन्निपात' हे त्याचंच संस्कृत वळण. पण नोंदवहीत नुसतं 'ताप' असेल तर सावध राहा. सरकारी घरझडती आणि सक्तीचं इस्पितळ टाळायला प्लेगचे मृत्यू साध्या तापाखाली घातले जात.

– एक भर : पायाला जखम होऊन जांघेत गाठ येते ती 'अवधाण'. जखम बरी झाली की बसते. प्लेगची गाठ जखमेशिवाय येते, हात लावू देत नाही आणि ताप बरोबर असतोच.

– म्हणजे प्लेगला 'स्पर्शजन्य' म्हणायला हरकत नाही?

– आहे! गाठीचा प्लेग पिसवेच्या चाव्यातून येतो, रोग्याला हात लावल्यानं नव्हे. फुप्फुसाचा प्लेग मात्र खोकल्यातून पसरतो. 'साथीचा' हा शब्द प्रमाण सांगतो, 'संसर्गजन्य' हा स्वभाव. धनुर्वात जंतूंमुळे होतो, पण एकाचा दुसऱ्याला होत नाही. सुरुवातीचे उपाय फसले ते रोग कसा पसरतो याच्या घोटाळ्यानं : भिंतींना चुना, जमिनीवर जंतुनाशक आणि गटारं धुणं. त्यात जंतू मेले असतील, पण पिसवा वाचल्या आणि गटारातले उंदीर शेजारच्या घरात गेले.

– 'लस' बद्दलही. देवी 'काढत', म्हणजे दंडावर ओरखडा काढून लस लावत. जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांची प्लेगची लस सुईनं 'टोचत'. ती मांसाच्या रश्श्यावर तुपाचे थेंब सोडून वाढवलेल्या जंतूंची, उष्णतेनं मारलेली. हाफकिन यांनी ती १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचली. १९०२ मध्ये पंजाबात मुल्कोवाल इथे एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वातानं गेले. म्हणून त्या काळच्या मजकुरात 'टोचणीची भीती' असं दिसलं तर ती निव्वळ अडाणीपणाची समजू नका.

– भाषांतरात 'उंदीर कोसळले' करू नका, एवढंच. 'पडले' च ठेवा.