मदत हवी आहे: कापलेल्या स्ट्रिपचा बॅच क्रमांक रुग्णाच्या नोंदीपर्यंत कसा न्यावा?

नमस्कार,

राजापूर तालुक्यातील एका विश्वस्त संस्थेच्या तीस खाटांच्या रुग्णालयात मी औषधभांडार सांभाळतो. औषधावरील बारकोड वाचून खरेदी, साठा आणि रुग्णाला प्रत्यक्ष दिलेला डोस यांची एकच साखळी करावी, असे आमच्या विश्वस्तांनी ठरवले आहे. यंत्रे घेण्यापूर्वी, ज्यांनी हे काम लहान रुग्णालयात केले आहे त्यांचा सल्ला हवा आहे.

केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना दर महिन्याला दर्जाच्या चाचणीत नापास झालेल्या औषधांची यादी बॅच क्रमांकासह प्रसिद्ध करते. त्यातील एखादी बॅच आमच्याकडे असली, तर उरलेला साठा लगेच बाजूला काढता येतो, कारण घाऊक विक्रेत्याच्या बिलावर बॅच असते. परंतु त्याच बॅचच्या गोळ्या कोणत्या रुग्णांच्या पोटात गेल्या, हे केस पेपरवरून कळत नाही. तेथे औषधाचे नाव, मात्रा आणि वेळ एवढेच असते. सर्पदंशात हे अधिक जाणवते. भातलावणीच्या दिवसांत फुरसे किंवा घोणस चावलेले रुग्ण येतात, एकेकाला प्रतिविषाच्या दहा-दहा कुप्या लागतात आणि घाईत दोन बॅच एकत्र वापरल्या जातात. एखाद्याला तीव्र प्रतिक्रिया आली आणि त्याला रत्नागिरीस किंवा अणुस्कुरा घाटातून कोल्हापुरास हलवावे लागले, तर सोबतच्या कागदावर बॅच असावी, अशी आमच्या डॉक्टरांची अपेक्षा आहे व ती रास्त आहे.

आता अडचण. खोक्यावरचा नेहमीचा तेरा आकडी बारकोड फक्त उत्पादन ओळखतो, आणि तो सर्व बॅचना एकच असतो. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडच्या औषधांवर बॅच, मुदत, उत्पादन परवाना इत्यादी माहिती असलेला बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक झाला आहे. मात्र आमच्या खरेदीतील बरीच औषधे त्या यादीबाहेरची आहेत, आणि यादीतील काहींचा कोड संकेतस्थळ उघडतो, म्हणजे नेटवर्क गेले की त्याचा उपयोग संपला. शिवाय दहाच्या स्ट्रिपमधून चार गोळ्या कापून दिल्या, तर छापलेली बॅच आणि मुदत एका तुकड्यावर राहते व दुसरा तुकडा निनावी होतो.

रुग्णाच्या ओळखीचा बारकोड असलेल्या मनगटपट्टीबद्दल आमच्यात मतभेद नाहीत. एकाच वाडीतले, एकाच आडनावाचे, क्वचित एकाच नावाचे दोन रुग्ण शेजारच्या खाटांवर असणे येथे मुळीच दुर्मीळ नाही. प्रश्न औषधाच्या बाजूचा आहे: आम्ही स्वतःची लेबले छापावीत का, छापल्यास त्यांवर काय असावे, आणि पावसाळ्यातील दमट हवेत ती टिकतात का?

प्रतिसाद

सावंतवाडीकडील एका रुग्णालयात या कामात काही वर्षे घालवली आहेत, त्यावरून लिहितो.

कंपनीच्या कोडवर विसंबू नका. माल उतरवून घेतानाच तो वाचावा, जेथे नसेल तेथे बॅच व मुदत हाताने भरावी, आणि पुढे आपलेच लेबल चालवावे. स्ट्रिप कापण्याचे काम फक्त भांडारात व्हावे. तुकडा लहान पाकिटात घालून, लेबल लावूनच वॉर्डात जावा. कोडखाली औषधाचे मूळ नाव, मात्रा, बॅच आणि मुदत डोळ्यांना वाचता येईल अशी छापा, म्हणजे वीज नसताना सिस्टरचे काम अडणार नाही.

दोन तांत्रिक गोष्टी विक्रेत्याकडून आधी तपासून घ्या. जीएस१ या आंतरराष्ट्रीय बारकोड मानकाच्या पद्धतीच्या कोडमध्ये मुदत सहा आकड्यांत असते आणि दिवस दिलेला नसल्यास शेवटी दोन शून्ये येतात, उदाहरणार्थ २७०५००. हे मे २०२७ ची अखेर असे वाचले गेले पाहिजे. काही सॉफ्टवेअर ही तारीख चुकीची म्हणून नाकारतात. दुसरे म्हणजे, बॅच क्रमांकाची लांबी ठरलेली नसल्याने तो कोठे संपतो हे सांगणारे अदृश्य चिन्ह कोडमध्ये असते. स्कॅनरने ते गाळले तर पुढचा अनुक्रमांक बॅचला चिकटतो आणि नापास औषधांच्या यादीशी ताळा कधीच जुळत नाही.

उष्णतेने उमटणारी साधी कागदी लेबले घेऊ नका. आपल्याकडची दमट हवा आणि हातांना लावायचे सॅनिटायझर यांनी ती पुसट होतात. प्लास्टिकचे लेबल आणि रेझिन रिबनचा (शाईच्या फितीने छापणारा) प्रिंटर महाग पडतो, पण टिकतो.

आणखी एक. बॉस्टनमधील ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयाच्या २०१० च्या अभ्यासात, खाटेजवळ बारकोड वाचून औषध दिल्यावर वेळेच्या चुका वगळता इतर चुका ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्या. विक्रेते हा आकडा आवर्जून सांगतात. मात्र अमेरिकेतच असेही आढळले आहे की स्कॅनर त्रास देऊ लागला की मनगटपट्टीच्या जादा प्रती काढून त्या टेबलावर किंवा दाराजवळ चिकटवल्या जातात आणि तेथूनच वाचल्या जातात. त्यामुळे पट्टीची दुसरी प्रत छापण्याचा अधिकार वॉर्डात ठेवू नये, आणि न वाचता दिलेल्या डोसचे कारण दर आठवड्यास सिस्टरनाच विचारावे. बहुधा दोष स्कॅनरच्या जागेत किंवा लेबलात निघतो.

माझे मत विचाराल तर गोळ्यांपासून सुरुवात नको. प्रतिविष, इन्सुलिन आणि शिरेतून द्यावयाची प्रतिजैविके एवढीच आधी घ्या.

धागालेखक

मनःपूर्वक आभार. शून्य दिवसाची चाचणी विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात करून घेऊ. प्रतिविषापासून सुरुवात करण्याचा मुद्दा डॉक्टरांनाही पटला. एक शंका उरते: रात्रपाळीत भांडार बंद असते आणि कुप्या अपघात विभागाच्या शीतपेटीतून उचलल्या जातात. तेथे प्रत्येक कुपीला आगाऊ लेबल लावून ठेवावे, की रिकाम्या कुप्या ट्रेमध्ये जमा करून सकाळी त्यांवरून नोंद करावी? आपल्याकडे यांपैकी कोणती पद्धत टिकली, ते कृपया कळवावे.