परमिट रूमला रात्री दीडपर्यंत ना-हरकत द्यावी का?

दुसरामजला
पुण्यातली नेहमीची रचना: खाली दुकानं, वर फ्लॅट. तळमजल्यावरची परमिट रूम आजवर बाराला बंद व्हायची. आता मालकांनी सोसायटीला पत्र दिलंय. दीडपर्यंत चालू ठेवायची आहे, शिवाय फ्रंट मार्जिनमध्ये (इमारतीसमोर सोडलेल्या मोकळ्या जागेत) सहा टेबलं लावायची आहेत, ना-हरकत द्या.

पोलिस आयुक्तालयाच्या हद्दीत एफएल-3 (परमिट रूमचा) परवान्याला दीडपर्यंतची वेळ आहेच, म्हणजे वेळेवर हटून बसण्यात अर्थ नाही. टेबलांचं वेगळं आहे. परवान्याच्या मंजूर नकाशात जेवढी जागा दाखवलीय तेवढ्यातच दारू देता येते आणि फ्रंट मार्जिन त्यात नाही. माझं मत: टेबलांना साफ नकार, वेळेला अटी घालून तीन महिने होकार. तुम्ही काय म्हणता?

बाराच्याआत
अजिबात देऊ नये. दीडची वेळ म्हणजे दीडला शांतता नव्हे. दीडला बिल, पावणेदोनपर्यंत फुटपाथवर घोळका, मग रिक्षावाल्याशी घासाघीस, बुलेटला किक. त्यानंतर भांडी, रिकाम्या बाटल्या क्रेटमध्ये, आणि अडीचला रोलिंग शटर. वर झोपलेल्या माणसाची रात्र अडीचला सुरू होते, सहाला पाणी येतं.

ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 मर्यादा 45 डेसिबल आहे. दिवसा 55. साधं बोलणंच एक मीटरवर 60 च्या आसपास जातं. दहाजण खिडकीखाली सिगारेट ओढत उभे राहिले की मर्यादा संपली, त्याला म्युझिक लागत नाही.

परमिटरूमवाला
त्रास खरा आहे, नाकारत नाही. पण धंद्याची बाजूही मांडतो. नोव्हेंबर 2023 मध्ये परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट 5 टक्क्यांवरून 10 झाला. 2025 मध्ये परवाना शुल्क 15 टक्के वाढलं, उत्पादन शुल्कही वाढलं, म्हणून 14 जुलै 2025 ला राज्यभर बार बंद ठेवले होते. भाडं आणि शुल्क बाराला बंद केलं तरी तेवढंच भरावं लागतं. जेवायला येणारं गिऱ्हाईक साडेदहाला येतं आणि बाराला त्याला उठवावं लागतं.

आणि गर्दी एकदम बाहेर पडते ती उशिरामुळे नाही, बंद करायच्या पद्धतीमुळे. शेवटची ऑर्डर पाऊणला. एकला म्युझिक पूर्ण बंद, दिवे पूर्ण. आतली पातळी उतरली की लोकांचे आवाजही उतरतात. मोठ्या म्युझिकमधून थेट रस्त्यावर आलेला माणूस ओरडूनच बोलतो, त्याचे कान अजून आतच असतात. सव्वा ते दीड टेबलाटेबलाने बिल. रिक्षा दारात न बोलावता कोपऱ्यावर, आणि फुटपाथवर एक माणूस फक्त लोकांना पुढे काढायला. बाटल्या आतच ठेवायच्या, क्रेट सकाळी आठनंतर हलवायचे. शटरच्या पट्ट्यांना महिन्याला ग्रीस आणि खाली रबर. हे सगळं पत्रात लिहून घ्या, मी सही करेन.

साउंडचेक
दोघेही लोकांच्या आवाजावर बोलताय, वरच्या फ्लॅटचा मोठा त्रास बेसचा, म्हणजे म्युझिकमधल्या खालच्या सुरातल्या ठोक्यांचा असतो. तो हवेतून कमी आणि इमारतीतून जास्त जातो. सबवूफर (बेसचा स्पीकर) थेट फरशीवर, स्पीकर स्लॅबला अँकर मारून टांगलेले, मग कंपन कॉलममधून दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचतं. यावर बहुतेक जण भिंतीला फोम चिकटवतात, तो पैसा वाया. फोमने आतला घुमारा कमी होतो, बाहेर जाणारा आवाज अडत नाही. त्याला वजन लागतं आणि फट नसावी लागते. विटांची 9 इंची भिंत 45 च्या वर डेसिबल अडवते, पण भिंतीच्या एक टक्का जागा जरी उघडी राहिली तरी सगळी मिळून 20 च्या वर जात नाही. एसीच्या पाइपचं न बुजवलेलं भोक, दाराखालची फट, सगळं तिथूनच गळतं.

उपाय क्रमाने सांगतो. सबवूफर भिंतीपासून सुटा, रबर किंवा स्प्रिंग पॅडवर. टांगलेले स्पीकर स्लॅबवरून उतरवून स्टँडवर. दोन मोठ्यांऐवजी आठ लहान, म्हणजे प्रत्येक टेबलाला जवळून कमी आवाज पुरतो. प्रवेशाला दोन दारं, मध्ये दीड-दोन मीटर, एक उघडं असताना दुसरं बंद. शेवटी लिमिटर, म्हणजे ठरवलेल्या पातळीच्या वर आवाज जाऊ न देणारं यंत्र. आणि किचनचा एक्झॉस्ट विसरू नका. ब्लोअर आणि डक्टच्या मध्ये कॅनव्हासचा जोड नसेल तर तो म्युझिकपेक्षा जास्त घुमतो, आणि म्युझिक बंद झालं तरी तो चालूच असतो.

बाराच्याआत
साउंडचेक, हे सगळं पटलं. पण तपासणार कोण, आणि कशाने? पोलिस मीटर घेऊन येईपर्यंत आवाज कमी केलेला असतो. शिवाय मर्यादा सरासरीवर मोजतात. अर्ध्या तासात दोन सेकंद कोणी किंचाळलं तर झोप गेलीच, आकडा मात्र फारसा हलत नाही.

साउंडचेक
सरासरीबद्दल बरोबर. अजून एक अडचण सांगतो. नियमातली मोजणी ए-वेटिंगवर, म्हणजे कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात त्या हिशेबाने होते. त्यात मीटर 63 हर्ट्झचा (बेसचा) आवाज 26 डेसिबल कमी धरतो. म्हणून आकडा 45 दिसतो आणि उशीला ठोके ऐकू येतात. ए आणि सी (बेस जवळपास पूर्ण धरणारी मोजणी) दोन्हीवर मोजा. फरक 20 च्या पुढे गेला तर बेसचा प्रश्न आहे, आणि पत्रात तो फरकच लिहून घ्या.

मोजमाप असं करा: दुकानाच्या हद्दीवर 10 मिनिटं म्युझिक चालू, 10 मिनिटं बंद. खाजगी साउंड सिस्टिमला हद्दीवर मर्यादेपेक्षा 5 डेसिबल जास्त चालतात, म्हणजे निवासी भागात रात्री 50. दोन आकड्यांत 3 चा फरक आला तर बार एकटा रस्त्याइतका आवाज करतोय, 10 आला तर जवळपास सगळा बारचाच. मोबाइलचं ॲप तुलनेला ठीक, तक्रारीला नाही.

परमिटरूमवाला
सी-वेटिंगचा आकडा कुठल्याच नियमात नाही. त्यावर परवाना अडकवणं अन्याय आहे. पॅड, दुहेरी दार, लिमिटर मान्य. खर्च मोठा आहे, तीन महिन्यांच्या पत्रावर कोण घालेल? निदान वर्ष तरी द्या.

दुसरामजला
परवान्याचं वर्ष 31 मार्चला संपतं. तोपर्यंतचं पत्र, नूतनीकरणाआधी मोजमाप, असं धरू. तक्रारीसाठी 112. नाव सांगायची भीती वाटते त्यांच्यासाठी: जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलंय की आवाजाच्या तक्रारीत पोलिसांनी तक्रारदाराची ओळख मागू नये. सी-वेटिंगचा आकडा परवान्याला नाही, आपल्या पत्राला लावू. दोन मोजमापांत पास नाही झाला तर पत्र आपोआप रद्द.

परमिटरूमवाला
आपोआप रद्द नको. दुरुस्तीला 15 दिवस द्या, मग रद्द. आणि टेबलं सोडली.

बाराच्याआत
टेबलं सोडली, चांगलं केलं. 15 दिवसांनाही माझी हरकत नाही, पण त्या 15 दिवसांत बंद बाराला. आणि लिमिटर कुलूपबंद कपाटात, किल्ली सोसायटीकडे. मॅनेजरकडे किल्ली राहणार असेल तर माझी सही मिळणार नाही.