३५० न्यूटन-मीटरच्या टर्बोला क्लच कुठला? माझं मत : ऑरगॅनिकच, बटन नको

शेंद्रा_टीएसआय :
गाडी स्कोडा लॉरा १.८ टीएसआय, मॅन्युअल. आपल्या शेंद्र्याच्या प्लांटमध्ये जोडलेली, म्हणून जीवही जास्त. कंपनीचे आकडे १६० पीएस, टॉर्क (फिरवायचा जोर) २५० न्यूटन-मीटर. रिमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली सेटिंग बदलून, ३५० पर्यंत न्यायलोय. मूळ क्लच त्याला पुरणार नाही, यावर वाद नाही. पण जो तो म्हणायलाय, "एकदाच सिरॅमिक बटन (अस्तराऐवजी सिरॅमिकच्या टिकल्यांची क्लच प्लेट) टाक आणि मोकळा हो." मला हे पटत नाही.

क्लच किती टॉर्क पेलणार हे प्रेशर प्लेटचा (क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या चकतीचा) दाब, अस्तराची पकड, प्लेटचा व्यास आणि घासणाऱ्या बाजू किती यावर ठरतं. व्यास बेल हाउसिंगने (क्लचभोवतीच्या आवरणाने) बांधून टाकलाय. सिंगल प्लेट ठेवायची तर दाब वाढवा, नाहीतर अस्तर बदला. जड प्रेशर प्लेट आणि चांगली ऑरगॅनिक (तंतू आणि रेझिनच्या अस्तराची, नेहमीच्या गाड्यांत असते तशी) प्लेट घेतली तर पाय थोडा जड होतो, पण गाडी सुरुवातीला अलगदच उचलते. सिरॅमिक एकदम धरतं किंवा एकदम सोडतं, मधलं काही नाही. कन्नडच्या औट्रम घाटात ट्रकमागे अडकून हाफ क्लचवर इंच इंच चढताना सगळी गाडी थरथरते. ३५० साठी ४०० च्या आसपास क्षमतेचा क्लच बास. ६०० वाला कशाला?

जालना_बूस्ट :
सपशेल असहमत. ऑरगॅनिक एकदा नीट तापली की अस्तर चकाकतं आणि पकड जाते. आपल्याकडे मे महिन्यात ४२ अंश असतात, तेव्हा गार व्हायला वेळ कुठून मिळणार? मग पुन्हा गिअरबॉक्स उतरवा, पुन्हा मजुरी. उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर बटन क्लचवर वर्षानुवर्षं चालायलेत. जास्त क्षमतेचा क्लच घेऊन नुकसान काय?

शेंद्रा_टीएसआय :
नुकसान गिअरबॉक्सचं. क्लच जरासा घसरून जो झटका गिळतो, तोच बटन क्लच पुढे गिअर आणि ड्राइव्ह शाफ्टकडे ढकलतो. ट्रॅक्टरचे गिअर त्या झटक्यासाठीच बनवलेले असतात, लॉराचे नाहीत. दाबही वाटेल तेवढा वाढवून चालत नाही. दर वेळी पेडल दाबलं की क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर जोर येतो.

एमएच२४_लातूर :
दोघंही प्लेटवर भांडायलेत, रिमॅपच्या नकाशाबद्दल (किती फेऱ्यांना किती टॉर्क द्यायचा त्याबद्दल) कुणीच बोलेना. ३५० किती आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांना) येणार? १८०० ला एकदम आले तर कुठलाही क्लच रडेल, आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) टर्बोत कमी आरपीएमवर एवढा भार टाकला तर अवेळी ज्वलन होऊन पिस्टन फुटू शकतो. ट्यूनरला (रिमॅप करणाऱ्याला) सांगा, २५०० पर्यंत टॉर्क आवरून धर, पुढे हळूहळू सोड.

दुसरं, इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून आलेली गरम हवा गार करणारा. मूळ इंटरकूलर उन्हाळ्यात दोन-तीन दमदार खेचींतच तापतो. आत जाणारी हवा गरम झाली की इंजिन नॉक करू लागतं (आत अवेळी ठोके बसतात) आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, जोर कमी होतो. तुमचे ३५० मग कागदावरच. आधी इंटरकूलर, ताजे प्लग, ९५ ऑक्टेन पेट्रोल. नंतर क्लच. रिमॅप सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलट करतात, म्हणून क्लच जळतात.

जालना_बूस्ट :
इंटरकूलरचं मान्य. क्लचचं नाही. आणि ड्युअल-मास फ्लायव्हील (इंजिन आणि क्लचमधलं, आत स्प्रिंगा असलेलं दोन भागांचं जड चाक) काढून एकसंध बसवा, ते कमकुवतच असतं.

बीड_सहावागिअर :
ते काढू नका! इंजिनाचे हादरे त्यातल्या स्प्रिंगा खातात. एकसंध लावलं की न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्स खडखडतो, लोक बेअरिंग गेलं समजतात. फक्त त्यातली ढिलाई कंपनीच्या मर्यादेत आहे का ते तपासून घ्या. गिअरबॉक्स उतरतोच आहे तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) आणि क्रँकचं मागचं ऑइल सीलही बदला. त्या सीलमधून प्लेटवर तेल आलं की ऑरगॅनिक असो नाहीतर सिरॅमिक, दोन्ही वाया.

नांदेड_जुनीगाडी :
माझा रिमॅपलाच विरोध. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा, मूळ रचनेत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत. विमा कंपनीला न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी आडवा येतो. घरची माणसं त्याच गाडीत बसतात.

शेंद्रा_टीएसआय :
नांदेडकर, विम्याचा मुद्दा रास्त आहे. आधी लेखी विचारतो, मगच पुढे. लातूरकरांचा क्रमही घेतला. क्लचबाबत मात्र मी ठाम आहे. नवी प्लेट पहिले ८०० किलोमीटर शहरात, जोर न लावता बसवून घेणार, त्यानंतरच रिमॅप.

जालना_बूस्ट :
समृद्धीवर सहाव्या गिअरला २००० आरपीएमपासून पूर्ण पाय दाबून बघ, १२० ची मर्यादा पाळूनच. आरपीएमचा काटा वर गेला आणि वेग तिथंच राहिला तर समज, घसरतोय.

शेंद्रा_टीएसआय :
बघतो. तसं झालं तर ट्विन प्लेट घेईन, घासणाऱ्या बाजू दुप्पट होतात. बटन तरीही नाही.